तारेवाचून वीज : लेसरझोताने शक्ती पाठवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास

विजेचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा बव्हंशी तारांचा इतिहास आहे. १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले, तेव्हापासून वीजनिर्मितीच्या रीती अनेकदा बदलल्या आणि कोळशाच्या जोडीला पाणी, अणू, वारा व सूर्य आले. परंतु निर्माण झालेली वीज वापराच्या ठिकाणी न्यायची तर मध्ये धातूची तार हवी, ही अट कायम राहिली. जिथे तार पोहोचत नाही, तिथे इंधन वाहून न्यावे लागते, बॅटऱ्या न्याव्या लागतात किंवा तिथे पडणाऱ्या उन्हावर भागवावे लागते. या तिन्ही उपायांच्या मर्यादा दुर्गम लष्करी ठाण्यावर जाणवतात, सतत हवेत राहू पाहणाऱ्या मानवरहित विमानाला जाणवतात आणि चंद्रावर तर त्या असह्य होतात. तारेवाचून वीज पाठवण्याचे प्रयत्न या मर्यादांमधून जन्मले, आणि लेसरचा, म्हणजे एकाच रंगाच्या, एकाच दिशेने जाणाऱ्या व फारसा न पसरणाऱ्या प्रकाशझोताचा मार्ग हा त्यांतला सर्वांत धाकटा. या इतिहासाकडे सलग पाहिले की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते : साऱ्या जगाला वीज पुरवण्याच्या भव्य योजना कागदावर राहिल्या आणि उद्दिष्ट जसजसे आकसत गेले, तसतशी ही विद्या पुढे सरकली.

विद्युतचुंबकीय लहरी मोकळ्या जागेतून प्रवास करतात, हे हाइनरिख हर्ट्झने १८८० च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगाने सिद्ध केले. पुढे १८९५ च्या सुमारास कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अशा लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूरवरची घंटा वाजवून दाखवली. त्या प्रयोगाने पाहणारे थक्क झाले असले, तरी घंटा वाजवणारी शक्ती घंटेजवळच्या बॅटरीतून येत होती आणि लहरींनी केवळ कळ दाबण्याचे काम केले होते. पुढे रेडिओच्या रूपाने जे तंत्र जगभर पसरले ते संदेशाचे होते. संदेश पोहोचण्यासाठी लहरीतील ऊर्जेचा अत्यल्प अंशही पुरतो, उरलेली वाया गेली तरी कोणाचे अडत नाही. शक्ती पाठवायची तर मात्र पाठवलेल्यापैकी किती हाती आली हाच एकमेव प्रश्न असतो. निकोला टेस्लाने हा प्रश्न सर्वांआधी अंगावर घेतला. १८९९ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे केलेल्या प्रयोगांनंतर त्याने जे. पी. मॉर्गन या धनाढ्याकडून दीड लाख डॉलर मिळवून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचा प्रचंड मनोरा उभारायला घेतला. संपूर्ण पृथ्वीलाच वाहक मानून हवी तिथे वीज उपलब्ध करण्याची त्याची योजना होती. पैसा संपला, मॉर्गनने हात आखडता घेतला आणि १९१७ मध्ये मनोरा पाडून टाकण्यात आला. टेस्लाच्या चाहत्यांनी या अपयशाभोवती कारस्थानाच्या कथा रचल्या असल्या, तरी शक्ती एका दिशेला बांधून पाठवण्याची सोय त्या योजनेत नव्हती आणि ती त्या काळच्या साधनांनी शक्यही नव्हती, हे विसरून चालणार नाही.

ती सोय दुसऱ्या महायुद्धाने करून दिली. रडारसाठी निर्माण झालेल्या निर्वात नलिका सूक्ष्मतरंग, म्हणजे मायक्रोवेव्ह, मोठ्या शक्तीने निर्माण करू लागल्या. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीतला अभियंता विल्यम सी. ब्राऊन याच नलिकांवर काम करणारा. संदेशासाठी वापरली जाणारी ही साधने शक्ती वाहून नेण्यास का वापरू नयेत, असा प्रश्न त्याला पडला. अडचण होती ती दुसऱ्या टोकाला. आलेल्या तरंगांचे पुन्हा विजेत रूपांतर करणारे हलके व कार्यक्षम साधनच नव्हते. ब्राऊन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लहान ॲन्टेनांना अर्धवाहक डायोड जोडून एक जाळीवजा पृष्ठभाग तयार केला. त्यावर पडणारे तरंग ॲन्टेना पकडीत आणि डायोड त्यांचे एकाच दिशेने वाहणाऱ्या दिष्ट प्रवाहात रूपांतर करीत. ‘रेक्टेना’ या नावाने हे साधन पुढे ओळखले जाऊ लागले. २८ ऑक्टोबर १९६४ रोजी पत्रकारांसमोर अशाच जाळीच्या जोरावर एक छोटे हेलिकॉप्टर उडवण्यात आले. त्यात इंधन नव्हते, बॅटरी नव्हती. खालून येणाऱ्या सूक्ष्मतरंगांच्या झोतावर ते तरंगत राहिले आणि बाजूला भरकटू नये म्हणून त्याला तारांचे मार्गदर्शन दिलेले होते. त्याच काळात ते पंधरा-सोळा मीटर उंचीवर सलग १० तास उडवून दाखवले गेले.

ब्राऊनची दृष्टी हवेत सतत राहणाऱ्या यंत्रावर होती. चार वर्षांनी पीटर ग्लेझरने तीच कल्पना आकाशाएवढी केली. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेला आणि अमेरिकेत आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेत काम करणारा हा अभियंता. १९६८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखात त्याने असे सुचवले की, विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर कक्षेत, जिथला उपग्रह पृथ्वीच्या गतीशी जुळवून घेत आकाशात एकाच जागी स्थिर दिसतो, तिथे अवाढव्य सौरपटले उभारावीत आणि त्यांनी मिळवलेली वीज सूक्ष्मतरंगांच्या रूपाने खाली धाडावी. त्या कक्षेत रात्र जवळजवळ नसते, ढग नसतात, पावसाळा नसतो. १९७३ मध्ये ग्लेझरला या कल्पनेचे पेटंट मिळाले आणि त्याच वर्षीच्या तेलसंकटाने या कल्पनेला सरकारदरबारी वजन आणून दिले.

तंत्र खोटे नव्हते. १९७५ साली कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात गोल्डस्टोन येथे जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या रिचर्ड डिकिन्सन आणि ब्राऊन यांनी अवकाशयानांशी संपर्क ठेवणाऱ्या २६ मीटर व्यासाच्या थाळीवजा ॲन्टेनातून झोत सोडला आणि दीड किलोमीटरवरच्या मनोऱ्यावर बसवलेल्या रेक्टेनाकडून ३० किलोवॉटहून अधिक वीज मिळवली. त्या विजेवर मनोऱ्यावरील दिव्यांची रांग उजळली. रेक्टेनावर जेवढे तरंग पडले, त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक ऊर्जा विजेच्या रूपात हाती आली होती. मात्र थाळीतून निघालेल्या सुमारे ४५० किलोवॉटपैकी फार थोडा भाग मुळात रेक्टेनावर पडला होता. उरलेला झोत आजूबाजूने निघून गेला होता आणि हा तपशील दिव्यांच्या झगमगाटात बाजूला पडला.

या गळतीचे मूळ तरंगलांबीत आहे. कोणताही झोत कितीही नेटका सोडला तरी विवर्तनामुळे, म्हणजे तरंगांच्या कडेने पसरण्याच्या स्वभावामुळे, तो अंतराबरोबर रुंदावत जातो. ही रुंदी तरंगलांबी व अंतर यांच्या समप्रमाणात वाढते आणि प्रक्षेपकाच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात घटते. ब्राऊनने वापरलेल्या तरंगांची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. भूस्थिर कक्षेतून असे तरंग सोडायचे, तर प्रक्षेपक एक किलोमीटर व्यासाचा ठेवूनही पृथ्वीवरचा ठिपका दहा किलोमीटरांहून मोठा होतो. त्यामुळे लहान प्रमाणावर सुरुवात करणे अशक्य होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेचा ऊर्जाविभाग आणि नासा यांनी मिळून जो सविस्तर अभ्यास केला, त्यातील नमुन्याच्या उपग्रहाची सौरपटले सुमारे ५ किलोमीटर रुंद आणि १० किलोमीटर लांब होती आणि प्रत्येक उपग्रहाकडून ५,००० मेगावॉट वीज अपेक्षित होती. असे साठ उपग्रह उभारायचे होते. एकेका उपग्रहाचे वजन हजारो टनांत मोजावे लागत होते आणि ते सारे रॉकेटांनी वर न्यायचे होते. १९८० मध्ये अभ्यास संपला, तेलाचे भाव उतरले आणि योजना फायलीत गेली. तिच्या टीकाकारांना दोष देण्याचे कारण नाही; पहिला युनिट विकण्याआधी एवढा खर्च मागणाऱ्या योजनेला जगातला कोणताही अर्थमंत्री मान्यता देणार नाही.

लेसरचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील ह्यूजेस प्रयोगशाळेत थिओडोर मेमनने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर चालवला आणि १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट हॉलने अर्धवाहकाच्या बारीक तुकड्यातून लेसर मिळवला. लेसरच्या अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या, प्रकाशाची तरंगलांबी एक मायक्रोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास असते. ती ब्राऊनच्या तरंगांहून लाखपटीने लहान. म्हणून त्याच भूस्थिर कक्षेतून केवळ एक मीटर व्यासाच्या आरशाने सोडलेला लेसरचा झोत तत्त्वतः पृथ्वीवर नव्वदेक मीटरांच्या ठिपक्यात मावू शकतो. साधन लहान, ठिपका लहान आणि म्हणून सुरुवातही लहान करता येते. या जमेच्या बाजूंना तितक्याच ठळक वजाबाक्या होत्या. सूक्ष्मतरंग ढगांतून सहज पार होतात, लेसरला मात्र साधे धुकेही अडवते. विजेचे लेसरमध्ये रूपांतर करणारी त्या काळची साधने कमालीची उधळी होती, शंभर वॉट घेऊन जेमतेम काही वॉट प्रकाश देणारी. शिवाय लहान ठिपक्यात कोंबलेली शक्ती ही शस्त्राचीही व्याख्या असते. २३ मार्च १९८३ रोजी अध्यक्ष रेगन यांनी क्षेपणास्त्रविरोधी संरक्षणयोजनेची घोषणा केल्यानंतर मोठ्या लेसरसाठी अमेरिकेचा पैसा वाहू लागला तो शत्रूची क्षेपणास्त्रे जाळण्यासाठी, कोणाचा दिवा पेटवण्यासाठी नव्हे.

शांततेच्या कामाला त्यातून एक गोष्ट मात्र मिळाली. वातावरणातील उष्ण-थंड हवेच्या खळबळीमुळे तारे लुकलुकतात आणि त्याच खळबळीमुळे जमिनीवरून वर सोडलेला झोतही विस्कटतो. आरशाचा पृष्ठभाग सेकंदाला शेकडो वेळा किंचित वाकवून ही विस्कट आधीच उलट दिशेने भरून काढण्याचे तंत्र अमेरिकी लष्कराने गुप्तपणे विकसित केले होते; १९९१ मध्ये त्यावरील गुप्ततेचा पडदा उचलला गेला. खगोलशास्त्रज्ञांनी दुर्बिणींसाठी ते तात्काळ उचलले. त्याच सुमारास क्लीव्हलँड येथील नासाच्या लुइस संशोधन केंद्रात जेफ्री लँडिस हा सौरघटांचा जाणकार एका वेगळ्याच प्रश्नात गढला होता. चंद्रावर तळ उभारला, तर रात्री त्याला वीज कोठून द्यायची?

हा प्रश्न दिसतो त्याहून बिकट आहे. चंद्रावरची रात्र सुमारे ३५४ तासांची, म्हणजे पृथ्वीवरच्या चौदा-पंधरा दिवसांची असते. एवढा काळ केवळ एक किलोवॉट वीज पुरवायची तर ३५४ युनिट साठवून ठेवावे लागतात. किलोग्रॅममागे सुमारे २०० वॉट-तास साठवणाऱ्या आजच्या बॅटऱ्या धरल्या, तरी त्यांचे वजन पावणेदोन टनांच्या घरात जाते. माणसांच्या तळाला एक किलोवॉट कशासही पुरणार नाही. दहा-वीस किलोवॉटांचा हिशेब केला तर तळापेक्षा बॅटऱ्याच जड होतात. अपोलो मोहिमांनी मागे ठेवलेल्या उपकरणांना प्लुटोनियमच्या किरणोत्सर्गातून मिळणाऱ्या उष्णतेवर चालणारे वीजस्रोत दिले होते आणि सोव्हिएत लुनोखोद गाड्यांना रात्री पोलोनियमची ऊब दिली होती. हे उपाय खरे, परंतु असे पदार्थ दुर्मिळ आहेत आणि त्यांच्यापासून मिळणारी वीज थोडी असते. लँडिसने दाखवून दिले की, तळाजवळ दिवसासाठी सौरपटले असणारच आहेत, ती रात्री निरुपयोगी पडून राहतात. पृथ्वीवरून योग्य रंगाचा लेसर त्यांच्यावर टाकला तर तीच पटले रात्रीही चालतील. चंद्राच्या दर्शनी बाजूवरून पाहता पृथ्वी आकाशात जवळजवळ एकाच जागी असते, त्यामुळे पटलांना फिरावे लागत नाही. पृथ्वी मात्र स्वतःभोवती फिरते, म्हणून एकाच केंद्राने काम भागणार नाही; निरनिराळ्या रेखांशांवर, ढग कमी असलेल्या वाळवंटी प्रदेशांत किमान तीन केंद्रे लागतील. १९९२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखनाने आणि नासाने त्या काळात हाती घेतलेल्या ‘सेलीन’ या अभ्यासाने ही कल्पना अभियंत्यांच्या वर्तुळात रुजवली. लँडिस विज्ञानकथाही लिहितो. चंद्रावर अडकलेली एक अंतराळवीर आपल्या सौरपटलावर ऊन पडत राहावे म्हणून सूर्याच्या मागोमाग सबंध चंद्राला पायी वळसा घालते, अशी त्याची कथा १९९२ मध्ये ह्यूगो पुरस्काराची मानकरी ठरली. चांद्ररात्रीचा धाक त्याच्या शोधनिबंधांपेक्षा या कथेने अधिक लोकांपर्यंत पोहोचवला असावा.

तो धाक भारतीय वाचकालाही चांगला परिचित आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे विक्रम अवतरक दक्षिण ध्रुवाच्या दिशेला, सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरले. विक्रमची सौरपटले ७३८ वॉट आणि प्रज्ञान या बग्गीचे पटल ५० वॉट देणारे होते; दोघांचे आयुष्य एका चांद्रदिवसाचे धरलेले होते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काम आटोपून, बॅटऱ्या भरून, दोघांना निद्रिस्त केले गेले. उणे १७० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही खाली जाणाऱ्या त्या रात्रीनंतर २२ सप्टेंबरपासून त्यांना जागे करण्याचे प्रयत्न झाले. प्रतिसाद आला नाही. मोहिमेने ठरलेले सारे साधले होते, त्यामुळे याला अपयश म्हणणे चुकीचे ठरेल. परंतु रात्रभर काही वॉट ऊब देणारा एखादा स्रोत हाताशी असता, तर किती काम वाढले असते याचा अंदाज या एका उदाहरणावरून येतो.

लँडिसच्या योजनेला लागणारे महाकाय लेसर कोणी बांधले नाहीत. शीतयुद्ध संपले होते, चंद्रावर परतण्याची घाई कोणाला नव्हती. हे तंत्र जगले ते खेळण्यांएवढ्या यंत्रांत. १९९० च्या दशकात दूरसंचार आणि कारखान्यांतील कापणी-जोडणी यांसाठी अर्धवाहक लेसर स्वस्त व कार्यक्षम झाले आणि घेतलेल्या विजेपैकी निम्मी वीज प्रकाशात बदलणारे लेसर बाजारात मिळू लागले. २००३ च्या शरदात अलाबामातील हंट्सव्हिल येथे नासाच्या मार्शल केंद्रातील एका बंदिस्त इमारतीत बाल्सा लाकूड, कार्बन तंतूंच्या नळ्या आणि मायलरची पातळ फिल्म यांपासून घडवलेले, दीड मीटर पंखांचे आणि सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे विमान निव्वळ लेसरवर उडाले. जमिनीवरून टाकलेला अदृश्य झोत त्याच्या अंगावरच्या सौरघटांवर सतत धरलेला होता. विमान फेऱ्यांमागून फेऱ्या मारत राहिले आणि झोत बंद करताच तरंगत खाली आले. जर्मनीत अॅस्ट्रियम कंपनीच्या फ्रँक स्टाइनसिक यांनी याच काळात हिरव्या लेसरवर एक छोटी बग्गी चालवली आणि जपानमधील किंकी विद्यापीठाच्या नोबुकी कावाशिमा यांनी लेसरवर पतंगासारखे यान व खेळण्यातले हेलिकॉप्टर उडवून चंद्रावरील अंधाऱ्या विवरांसाठी हीच रीत सुचवली.

या काळातला सर्वांत नाट्यमय प्रसंग एका स्पर्धेतून घडला. पृथ्वीपासून भूस्थिर कक्षेपलीकडे ताणलेल्या दोरावरून वर चढणारे वाहन, अर्थात अवकाश-उद्वाहन, ही कल्पना १९६० मध्ये सोव्हिएत अभियंता युरी आर्त्सुतानोव्हने मांडली होती. अशा वाहनाला वीज देण्यासाठी हजारो किलोमीटरांची तार ओढता येणार नाही, खालून झोतच टाकावा लागेल. म्हणून नासाने आपल्या शतकी आव्हानांच्या योजनेत शक्तिप्रक्षेपणाची स्पर्धा ठेवली आणि स्पेसवर्ड फाउंडेशनने ती भरवली. २००५ पासूनच्या पहिल्या फेऱ्यांत स्पर्धकांनी सर्चलाइटचे दिवे आणि आरशांनी एकवटलेले ऊन वापरून पाहिले. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. नोव्हेंबर २००९ ची फेरी कॅलिफोर्नियातील रॉजर्स या कोरड्या सरोवराच्या सपाट पात्रावर, नासाच्या ड्रायडन केंद्राजवळ झाली. आखणी अशी होती की, हेलिकॉप्टर आकाशात एका जागी थांबून एक किलोमीटर लांबीची पोलादी दोरी लोंबती ठेवील, त्या दोरीला चिकटलेले स्पर्धकाचे वाहन स्वतःचे इंधन अथवा बॅटरी न वापरता जमिनीवरच्या लेसरच्या जोरावर वर चढेल, आणि सेकंदाला सरासरी २ मीटरांहून अधिक वेग राखल्यास ९ लाख डॉलर, ५ मीटरांहून अधिक राखल्यास त्याहून मोठे बक्षीस मिळेल.

तीन संघ मैदानात उतरले : कॅन्सस सिटीहून आलेला एक हौशी संघ, कॅनडाच्या सस्कॅचवान विद्यापीठाचा एक, आणि सिॲटलजवळची लेसरमोटिव्ह ही छोटी कंपनी. तिचे धुरीण होते टॉम न्यूजेंट आणि जॉर्डिन केअर. केअर हा क्षेपणास्त्रविरोधी लेसरयुगातून आलेला भौतिकशास्त्रज्ञ. डासांना हवेतच टिपणाऱ्या लेसरच्या प्रयोगांमुळे आणि विज्ञानकथाप्रेमींच्या मेळ्यांतील गाण्यांमुळेही तो ओळखला जाई. स्पर्धेची खरी कसोटी चढण्यात नव्हती, नेम धरण्यात होती. वाऱ्याने झुलणाऱ्या दोरीवरच्या, वर जाताना लहान लहान दिसणाऱ्या वाहनाच्या खालच्या बाजूला लावलेल्या पटलावर झोत सतत आणि समान पसरून धरायचा होता. कारण सौरघट एकमेकांना माळेसारखे जोडलेले असतात आणि त्यांतला एक जरी अंधारात राहिला तरी सबंध माळेचा प्रवाह खुंटतो. त्यातच आकाशात चुकून जाणारा झोत उपग्रहांच्या नाजूक कॅमेऱ्यांना इजा करू शकतो, म्हणून अमेरिकी संरक्षण खात्याच्या लेसर-परवाना यंत्रणेने ठरवून दिलेल्या वेळांतच झोत सोडण्याची मुभा होती. ४ नोव्हेंबर रोजी लेसरमोटिव्हचे वाहन ९०० मीटरांची चढण ४ मिनिटे २ सेकंदांत पार करून गेले. दुसऱ्या दिवशी वेग सेकंदाला ३.९ मीटरांवर गेला. बाकीच्या दोन्ही संघांची वाहने माथ्यापर्यंत पोहोचली नाहीत. ९ लाख डॉलर लेसरमोटिव्हला मिळाले, ५ मीटरांचे बक्षीस कोणालाही मिळाले नाही.

अवकाश-उद्वाहन आजही स्वप्नच आहे, कारण त्याला पेलणारी दोरी जगात नाही. परंतु त्या निमित्ताने झोत, नेम आणि पटल या तिन्ही गोष्टी प्रथमच एका उघड्या मैदानात, वाऱ्यात आणि उन्हात एकत्र चालल्या. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१० मध्ये, त्याच कंपनीने एरवी काही मिनिटांतच बॅटरी संपून खाली येणारे चार पंख्यांचे छोटे ड्रोन लेसरवर १२ तासांहून अधिक काळ सलग हवेत ठेवले. २०१२ मध्ये लॉकहीड मार्टिनच्या स्टॉकर या मानवरहित विमानाला वाऱ्याच्या बोगद्यात लेसरच्या साह्याने ४८ तास उडते ठेवण्यात आले.

या प्रगतीमागे दुसऱ्या टोकाच्या सौरघटांत झालेली सुधारणाही आहे. सूर्यप्रकाशात अनेक रंग मिसळलेले असतात आणि एका पदार्थाचा घट त्यांपैकी काहींनाच नीट पचवतो. ज्या रंगांची ऊर्जा त्याच्या गरजेपेक्षा कमी ते वाया जातात, ज्यांची जास्त त्यांची जादा ऊर्जा उष्णतेत जाते. लेसरचा रंग एकच असल्याने घटाचा पदार्थ त्याला जुळवून निवडता येतो. जर्मनीच्या फ्राउनहोफर सौरऊर्जा संस्थेने २०२१ मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या पातळ घटाला ८५८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरप्रकाशाखाली ६८.९ टक्के कार्यक्षमता मिळवून दिली. घराच्या छपरावरच्या पटलांना उन्हात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी मिळते. तरीही पूर्ण साखळीचा हिशेब नम्र करणारा आहे. शंभर वॉट विजेतून पन्नास वॉट प्रकाश, वाटेत व आरशांत काही गळती, मग घटात साधारण निम्मे, असे करता करता दुसऱ्या टोकाला वीस-बावीस वॉट उरतात. ज्या गावात तार नेता येते, तिथे हा व्यवहार वेडेपणाचा आहे. एक लिटर डिझेल पोहोचवण्यासाठी ट्रकांचा ताफा आणि त्याच्या रक्षणाला सैनिक पाठवावे लागतात, तिथे तो शहाणपणाचा ठरू शकतो. आणि म्हणूनच गेल्या दशकात या विद्येचे पालकत्व मुख्यतः अमेरिकी लष्कराकडे गेले.

मे २०१९ मध्ये मेरिलँडमधील कार्डेरॉक येथे, नौदलाच्या जहाजांच्या प्रतिकृती तपासण्यासाठी बांधलेल्या लांबलचक जलकुंडाच्या इमारतीत, नौदल संशोधन प्रयोगशाळेच्या पॉल जॅफी आणि सहकाऱ्यांनी, पॉवरलाइट या नव्या नावाने काम करणाऱ्या पूर्वाश्रमीच्या लेसरमोटिव्हच्या साह्याने, एक प्रात्यक्षिक केले. दोन मनोऱ्यांपैकी एकावर २ किलोवॉटचा लेसर, ३२५ मीटरांवरच्या दुसऱ्यावर खास घटांचे पटल. पलीकडे ४०० वॉट वीज मिळाली आणि तिच्यावर दिवे लागले, लॅपटॉप चालले आणि जमलेल्या पाहुण्यांसाठी कॉफी झाली. या प्रयोगातला महत्त्वाचा भाग कॉफीपेक्षा सुरक्षेचा होता. मुख्य झोताभोवती दुबळ्या, निरुपद्रवी किरणांचे कडे ठेवलेले होते. त्या कड्याला कोणी माणूस वा वस्तू छेद देताच मुख्य झोत क्षणार्धात बंद होत असे. लेसरची शक्ती लोकांच्या सहवासात वापरायची तर असे कडे सक्तीचे ठरले पाहिजे. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय करारान्वये कायमचे अंधत्व आणणाऱ्या लेसरशस्त्रांवर बंदी घालण्यात आली, ती उगीच नव्हे.

त्याच प्रयोगशाळेने मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर बसवलेल्या उपकरणात लेसरझोताने दीड वॉट शक्ती १.४५ मीटर अंतरावर पोहोचवली. कार्यक्षमता ११ टक्क्यांहून थोडी अधिक. आकडे किरकोळ असले तरी अवकाशात टिकाव धरून महिनोन्‌महिने चालणारा असा दुवा ही निकडीची पायरी होती. मे २०२५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या प्रगत संशोधन संस्थेने, जिच्या या कार्यक्रमाची सूत्रे आता जॅफीच सांभाळत होते, न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र चाचणीक्षेत्रात ८.६ किलोमीटर अंतरावर ३० सेकंद ८०० वॉटांहून अधिक वीज मिळवली. झोत एका छोट्या छिद्रातून आत घेऊन आतल्या आरशाने तो चहूबाजूंच्या डझनावारी घटांवर पसरवणारे ग्राहकयंत्र टेराव्हेक या कंपनीने बनवलेले होते. पूर्वीचा विक्रम १.७ किलोमीटरांवर २३० वॉटांचा होता. झोत जमिनीलगतच्या, सर्वांत दाट व खळबळत्या हवेतून गेला, त्यामुळे ही कामगिरी आकड्यांपेक्षा मोठी आहे. संशोधकांनी त्या विजेवर मक्याच्या लाह्याही फोडून पाहिल्या. ८०० वॉट म्हणजे घरातल्या एका इस्त्रीपुरती वीज.

हवेचा अडथळा जिथे मुळीच नाही, अशा ठिकाणी या तंत्राचे भवितव्य अधिक उजळ दिसते. चंद्राच्या ध्रुवांजवळ काही विवरांच्या तळाशी कधीच ऊन पोहोचत नाही. तिथले तापमान उणे २०० अंशांच्याही खाली असते आणि तिथे पाण्याचा बर्फ असल्याचे पुरावे २००९ साली कॅबियस विवरावर यान आदळवून केलेल्या प्रयोगातही मिळाले. अशा विवराच्या काठावरचे उंचवटे मात्र वर्षातला बहुतेक काळ उन्हात असतात. युरोपीय अवकाश संस्थेसाठी इटलीच्या लिओनार्दो कंपनीने आणि रुमानियातील एका संशोधन संस्थेने केलेल्या अभ्यासात, काठावर उभ्या असलेल्या अवतरकाने ऊन गोळा करून लेसरने खाली विवरात हिंडणाऱ्या बग्गीला काही किलोमीटरांवरून वीज द्यावी, अशी आखणी करण्यात आली. ग्लेझरच्या ३६,००० किलोमीटरांपासून हा प्रवास विवराच्या काठापर्यंत येऊन ठेपला आहे आणि पहिल्यांदाच मागणी, अंतर आणि यंत्राचा आकार या तिघांचा मेळ बसताना दिसतो. २०२५ सालाअखेरपर्यंत मात्र चंद्राच्या पृष्ठभागावरील एकाही यंत्राला लेसरझोताने वीज पुरवली गेलेली नाही.